करडीचं तेल आणि एकवीस गेअर

जळकोटच्या महादेवप्पांच्या हाताला यश नाही, ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्या गावाला माहीत होती. पुढे ती त्यांनाही कळली, आणि कळल्यापासून तेच ती चहाच्या प्रत्येक कपाबरोबर गावाला ऐकवू लागले. इतकी, की ऐकणारे कंटाळले. पण त्याआधीची पन्नास-पंचावन्न वर्षं त्यांनी मोठ्या समाधानात काढली होती.

धंदा तेलाचा आणि पेंडीचा. वडलांच्या काळात घरचा बैलघाणा होता. बैल गेले, घाणा गेला, वडीलही गेले, आणि शेवटी उरलं ते बाजारपट्टीतलं एक दुकान, पत्र्याचे चार डबे आणि करडीच्या तेलावरची गाढ श्रद्धा. सकाळी अंघोळ करून, लिंगपूजा उरकून, कपाळावर इभूत ओढून महादेवप्पा गादीवर बसले की गिऱ्हाइकाला आधी उपदेश मिळायचा, मग तेल. कान ठणकतोय? कोमट करडी, दोन थेंब. गुडघा धरला? करडी. बिजागरी कुरकुरते, कुलपात किल्ली फिरत नाही, शिवणयंत्र अडकतं? त्यालाही करडीच. माणसाचा सांधा आणि लोखंडाचा सांधा यांत त्यांनी कधी दुजाभाव केला नाही.

घरात काही बिघडलं तर ते दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. पंखा त्यांनी स्वतः खोलला, पुसला, तेल घातलं आणि परत जोडला. जोडून झाल्यावर दोन स्क्रू हातात उरले, तर म्हणाले, "कंपनी जास्तीचेच घालत अस्ती." पंखा लगेच फिरला नाही, पण संध्याकाळी दुकान बंद करून घरी आले तर भिरभिर फिरत होता. मिक्सरचंही तसंच. शिवणयंत्राचंही तसंच. सकाळी दुरुस्त केलेली वस्तू दुपारपर्यंत मुकी पडून राहायची आणि दिवेलागणीला आपोआप चालू व्हायची. तेल मुरायला वेळ लागतो, असा महादेवप्पांनी त्याचा अर्थ लावला होता. बायको शिवकांता त्यावर काही बोलायची नाही. ती मूळची निलंग्याची. बोलायची वेळ कुठली आणि गप्प बसायची कुठली, हे तिला माहेराहूनच शिकवून पाठवलेलं होतं.

अशा माणसाच्या हातात एकवीस गेअरची सायकल पडली, यात चूक त्यांच्या मुलाची. बसवंत पुण्याला नोकरीला. अप्पांना साखरेचा त्रास निघाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि अप्पा चालतात ते फक्त दुकान ते हॉटेल, हे कळल्यावर पोरानं डोंगरात चालवायची जाड टायरांची सायकल घेऊन पाठवून दिली. पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सात. महादेवप्पांनी ती बसस्टँडपर्यंत चालवून पाहिली, सगळ्या गावानं त्यांना चालवताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

मग सोळा सालचा तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्याचे फोटो पेपरात येत होते. जळकोटला ना रेल्वे ना फोटो. आमच्याकडे दोनच गोष्टींची वाट पाहणं चालू होतं: एक टँकर आणि दुसरा लातूरातून फुटून व्हायचा तो उदगीर जिल्हा. दोन्ही रोज उद्या येणार असायचे. वेशीजवळच्या हॉटेलात त्यावर सकाळ-संध्याकाळ चर्चा चाले, आणि करडी कुणाच्याच रानात न आल्यानं रिकामे बसलेले महादेवप्पा त्या चर्चेचे मालकच होऊन बसले होते.

पाणी भरायचं काम अर्थात बायकांचं. माळाची उतरण उतरून गेलं की खाली किशनरावांचं रान. त्यांच्या बोअरला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं, आणि किशनराव प्यायच्या पाण्याला कुणाला नाही म्हणत नसत. जाताना उतार, रिकामी घागर. येताना चढण, भरलेली घागर. देवानं हा रस्ता उलटा केला असता तर काय बिघडलं असतं, असं शेजारची गुणाबाई रोज म्हणायची. शिवकांता आणि ती बरोबरच जायच्या.

एका सकाळी महादेवप्पा हॉटेलात सांगत होते, की उदगीर जिल्हा झाला की जळकोटला घरटी दोन नळ येणार, एक गोड्या पाण्याचा आणि एक वापरायच्या पाण्याचा. नेमक्या त्याच वेळी वेशीतून गुणाबाई आली. तिच्या डोक्यावर स्वतःची घागर होती, कमरेवर शिवकांताची, आणि मागून एका बाईच्या खांद्यावर हात टाकून शिवकांता चालत होती. चढणीवर तिला भोवळ आली होती. पदर ओला, तोंड पांढरं पडलेलं. हॉटेलातली सगळी मंडळी एकदम गप्प झाली, आणि त्या गप्प झालेल्या हॉटेलात महादेवप्पांचं शेवटचं वाक्य, नळाचं, लोंबकळत राहिलं. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला पाणी दिलं, वारा घातला आणि म्हणाले, "उद्यापासनं तू घागर उचलायची न्हाई. मी हाय की."

"हाव," शिवकांता म्हणाली. लेकरू मोठेपणी विमान घेऊन देतो म्हणतं, तेव्हा आई हो म्हणते तसं.

तो 'हाव' त्यांना लागला. तीस वर्षांच्या संसारात आपण या बाईसाठी हातानं काय केलं, याचा त्यांनी रात्रभर विचार केला. पंखा आठवला, मिक्सर आठवला, म्हणून थोडं बरं वाटलं. पण एवढ्यानं शब्द पाळला जात नाही हेही कळत होतं. सकाळी त्यांनी सायकलीवरचे टॉवेल काढले.

वेल्डिंगवाल्याकडून मागे लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं, त्याला दोन बाजूंना दोन कॅन लटकवले, आणि महादेवप्पा पाण्याला निघाले. येताना चढणीवर सायकल जागची हलेना. उतरून ढकलावं तर पाहणारे पाहत होते. तेवढ्यात चिडून त्यांनी हँडलवरचा खटका दाबला, मागे चेन सरकून मोठ्या चकतीवर गेली, आणि पाय एकदम हलका झाला. सायकल मुंगीच्या पावलानं, पण न थांबता, चढण चढून वर आली. त्या दिवशी महादेवप्पांना जे वाटलं ते त्यांना लग्नात मुंडावळ्या बांधल्यावरही वाटलं नव्हतं. घरी येऊन दोन्ही कॅन त्यांनी ओट्यावर ठेवले आणि उगाच तिथंच उभे राहिले. शिवकांतानं कॅनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि न मागता चहा टाकला.

मग रोजचं ते कामच होऊन बसलं. हॉटेलात आता जिल्ह्याबरोबर गेअरवरही व्याख्यान होऊ लागलं. "जिल्हा बी आसाच अस्तोय," महादेवप्पा सांगत, "लहान केला की वढायला हलका." लोक माना हलवत. गुणाबाई मात्र वाटेत भेटली की म्हणायची, "आप्पा, आता तरी तिला सुख लागलं बगा." हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून ते तिला दिसेल अशा वेळेला निघायचे, हेही सांगून टाकलेलं बरं.

पण माळावरची धूळ वाईट. काही दिवसांनी चेन कुरकुरू लागली. बसस्टँडजवळच्या सायकलवाल्या भुजंगनं जाता जाता सांगितलं, "फडक्यानं पुसा आन् मशीनचं तेल यखाद-दोन थेंब सोडा." महादेवप्पा हसले. सात पिढ्या तेलात गेलेल्या माणसाला सायकलवाला तेल शिकवू लागला. त्यांनी घरी येऊन दुकानातली उत्तमातली करडी काढली, वाटीत कोमट केली, आणि बाळंतिणीच्या अंगाला चोळावं तशी त्या चेनेला, चकत्यांना आणि मागच्या त्या लोंबत्या सांगाड्याला चोळली. ज्याच्यामुळे चेन इकडून तिकडे सरकते तो सांगाडा. त्याला बसवंत डिरेलर की काय म्हणायचा. महादेवप्पा त्याला 'लोंबतं' म्हणत. लोंबतं तेलानं न्हाऊन निघालं.

चार-दोन दिवस सायकल मुक्यानं धावली. मग उन्हानं आपलं काम केलं. करडीचं तेल उन्हात वाळलं की त्याचा चिकटा होतो, हे कुठल्याही तेलवाल्याला माहीत असतं. दुकानातल्या डब्यांच्या तोंडाशी तो पिवळा चिकटा महादेवप्पांनी स्वतःच्या नखानं जन्मभर खरवडला होता. पण डब्याला होतं ते चेनेला होईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच. चिकट्यावर माळाची धूळ बसली, कड्या आखडल्या, आणि पायडल मारलं की चेन कट् करून दात चुकवू लागली.

यावर महादेवप्पांनी आणखी तेल घातलं.

त्यानंही भागेना, तेव्हा ते लोंबत्यापुढे उकिडवे बसले. त्याच्या अंगावर शेजारी शेजारी दोन बारीक स्क्रू दिसले. यातच काहीतरी असणार. आवळावं की सैल करावं हे कळेना, म्हणून त्यांनी न्यायानं एक आवळला आणि एक सैल केला. ते स्क्रू चेनेनं कुठवर सरकायचं याची वेस आखणारे होते, आणि महादेवप्पांनी आतल्या अंगाची वेसच मोडून टाकली, हे त्यांना फार पुढे कळलं. त्या वेळी चाक हातानं फिरवून पाहिलं, फिरलं, आणि ते समाधानानं उठले.

दुसऱ्या दिवशी भरलेले कॅन घेऊन चढणीला लागले. नेहमीच्या जागी खटका दाबला. चेन मोठ्या चकतीवर गेली, तिथं थांबली नाही, आणखी आत गेली. लोंबतं चाकाच्या तारांत घुसलं. खाड् करून आवाज आला, चाक जाम झालं, आणि महादेवप्पा, सायकल आणि दोन कॅन असे चौघंही रस्त्यावर आडवे झाले. एका कॅनचं झाकण उडालं, दुसरा फुटला. पाणी उतारानं धुळीतून पळत सुटलं. कुठं नव्हत्या त्या शेळ्या गोळा झाल्या आणि त्या पाण्यामागं खाली धावल्या.

कोपर सोलवटलं होतं, पण ते त्यांना जाणवलंही नाही. ते पाण्याकडं बघत बसले होते. आता ती उद्या घागर घेणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. आपला शब्द महिनाभरसुद्धा टिकला नाही. तो 'हाव' खरा ठरला.

घरी आल्यावर त्यांनी, "किरकोळ हाय. जरा वाकलंय," एवढंच सांगितलं. आणि तसं पाहिलं तर ते खरं होतं. चाकाला काही झालं नव्हतं, तारा शाबूत होत्या. ज्या बोटभर पट्टीला लोंबतं टांगलेलं असतं तेवढी पट्टी आत वाकली होती. पुण्याला फोन केला तर बसवंत म्हणाला, "अप्पा, हात लावू नका. ती पट्टी मऊ असते, मुद्दाम तशी करतात, म्हणजे बाकीचं वाचतं. कुणी जाणकारानं हळूच एकदा सरळ केली तर चालून जाईल."

जाणकारानं म्हटल्यावर महादेवप्पांनी स्वतःची पकड काढली. पट्टी सरळ केली. एक डोळा मिटून पाहिलं, तर थोडी बाहेर गेली होती. परत आत घेतली. आता फारच आत आली. परत बाहेर. घाण्याची लाट, म्हणजे आत फिरणारा तो जाड लाकडी दांडा, अशीच ठोकून-ठाकून जागेवर आणलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. पण लाकडाचा स्वभाव वेगळा आणि या पांढऱ्या धातूचा वेगळा. चौथ्या-पाचव्या खेपेला पट्टी मुकाट्यानं तुटली आणि लोंबतं त्यांच्या पायावर पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मग भुजंगकडे जाणं आलं. भुजंगला गेअरचं काही कळत नव्हतं, पण तसं कबूल करण्याचा त्याच्या दुकानात रिवाज नव्हता. दोघं शहाणे सायकलीभोवती बसले. भुजंगनं पानाची पिचकारी टाकली आणि निर्णय दिला, "आप्पा, हे समदं झंजट काढून टाकू. चेन आखूड करू आन् मधल्या चकतीवर बसवू. साधी सायकल करून टाकू. आपल्या बापजाद्यांनी कुठं गेअर लावले?" तसं केलं. सायकल सपाटीला छान चालली. चढणीला मात्र ती आता महादेवप्पांसारखीच होती. बोलायला पुढे, ओढायला मागे.

बसवंतनं नवी पट्टी आणि नवी चेन मागवली. तो विशिष्ट नमुना मिळायला वेळ लागणार होता. तोवर काय?

"मी येते की मागून ढकलायला," शिवकांता म्हणाली.

"न्हाई. तुला घागर उचलायची न्हाई म्हनलो म्हंजी न्हाई."

"घागर कोण उचलून राहिलंय? गाडी ढकलते."

शब्दात पळवाट सापडली म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि सापडली म्हणून लाजही वाटली. सकाळी दोघं निघाले. उतार होता तोवर ठीक. ते पुढे सायकल धरून, ती चार पावलं मागे, जसे ते नेहमी लग्ना-कार्याला जात. पण येताना तसं चालेना. त्यांनी हँडल धरलं, तिनं कॅरिअरला हात लावला, आणि ढकलायचं म्हटल्यावर चार पावलांचं अंतर ठेवून ढकलता येत नाही. नवरा-बायको गावाच्या डोळ्यांदेखत एवढे जवळून चालताना जळकोटनं पाहिले नव्हते. हॉटेलातून कुणीतरी खोकलं. महादेवप्पा चेनेकडे बघितल्यासारखं करून पुढे गेले.

पहिले दोन दिवस दोघंही नुसती धापा टाकत चढली. तिसऱ्या दिवशी तिनं बोलायला सुरुवात केली. घरात ती बोलायची ते मीठ संपलं, गॅस संपला, लेक उमादेवीचा नांदेडहून फोन आला, इतकंच. चढणीवर मात्र निलंगा निघालं. तिची रत्नम्मा मावशी निघाली. या मावशीनं म्हणे नवऱ्याला न सांगता गळ्यातलं मोडून म्हैस घेतली होती, शेजारच्या गोठ्यात बांधली होती, आणि म्हैस शेजारणीची आहे असं सांगून नवऱ्याला रोज तिचंच दूध पाजत होती. मावसा रोज शेजारणीच्या मनाचा मोठेपणा वाखाणायचा. महादेवप्पा एवढे हसले की सायकल मागे घरंगळली.

"आसला कसला येडा मानूस," ते म्हणाले, "घरात काय चाललंय ते त्याला कळंना व्हय?"

मागून शिवकांतानं घरंगळती सायकल रेटून धरली. मग म्हणाली, "आपला पंखा कुणी दुरुस्त केला, तुमाला काय वाटतंय?"

"मी."

"तुमी दुकानात गेलाव की मी हणमंतराव वायरमनला बलवायची. त्यो दोन स्क्रू बी घिऊन यायचा."

महादेवप्पांनी चालणं थांबवलं. "आन् मिक्सर?"

"त्यो बी."

"शिवणयंत्र?"

"ते उदगीरला न्हेऊन आनलं. तुमी लग्नाला गेल्ता."

माळावर वारा सुद्धा नव्हता. महादेवप्पा हँडल धरून उभे राहिले. मुरणारं तेल, कंपनीचे जास्तीचे स्क्रू, तीस वर्षांची कारागिरी, सगळं एका चढणीवर खाली गेलं. त्यांना राग आला, खरोखरच आला. रागातच ते सायकल वर रेटत निघाले. वर आल्यावर दम खायला थांबले आणि विचारलं, "कामून सांगितलं न्हाईस मग?"

"तुमी इतक्या खुशीत अस्ताव," ती म्हणाली. "पंखा फिरला की वर बगत बसताव. मला बरं वाटायचं."

महादेवप्पांना आधी हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी घामाबरोबर पुसून टाकलं. त्याच दिवशी हॉटेलात जाऊन त्यांनी स्वतःहून सगळी कथा सांगितली, हणमंतरावाच्या स्क्रूंसकट. लोकांना त्यात नवीन काहीच नव्हतं. हणमंतराव तर तिथंच चहा पीत बसला होता.

तेव्हापासून सकाळची वाट महादेवप्पा जिल्ह्यापेक्षा जास्त पाहू लागले. रत्नम्माची म्हैस पुढे सरकत होती. म्हैस व्याली. मावशानं शेजारणीला रेडकाबद्दल पेढे दिले. गोष्ट रोज चढणीएवढीच चाले, वेशीत आली की पदर डोक्यावर घेऊन शिवकांता गप्प व्हायची. मग मावशाला शेवटी म्हैस कशी कळली, हे सांगायचं उरलं असतानाच पुण्याहून पुडकं आलं.

महादेवप्पांनी या खेपेला पकडीला हात लावला नाही. सायकल एसटीच्या टपावर टाकून ते उदगीरला गेअरच्या सायकलींच्या दुकानात गेले आणि तो माणूस पट्टी बसवत, चेन घालत, ते दोन स्क्रू परत जागेवर आणत असताना सगळा वेळ पाठीमागे हात बांधून उभे राहिले. तेल विचारायचं तोंडावर आलं होतं, तेही गिळलं. सायकल नव्यासारखी झाली.

"झालं," घरी येऊन त्यांनी सांगितलं. "उद्यापासनं तुला यायची गरज न्हाई."

"बरं," शिवकांता म्हणाली आणि भाकरी उलटली.

सकाळी ते एकटे गेले. कॅन भरले. चढणीला खटका दाबला, चेन गुमान मोठ्या चकतीवर गेली आणि तिथंच थांबली. लोंबतं जागेवर, पाय हलका, सायकल कशी लोण्यातून निघाल्यासारखी वर चढत होती. शब्द पाळला गेला होता. आपल्या बायकोला आता काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही. यासाठीच तर सगळा आटापिटा केला होता. आणि तरी अर्ध्या चढणीवर महादेवप्पांना इतकं सुनं सुनं वाटलं, की त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. रस्ता कधी संपला कळलंसुद्धा नाही, आणि नेमकं तेच त्यांना खटकलं. मावशाला म्हैस कशी कळली असेल? शेजारणीनं सांगितलं असेल? की म्हैसच सुटून घरी आली असेल? घरी गेल्यावर विचारावं तर घरात शिवकांता मिठाचं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॅन लटकवले, सायकल अंगणात उभी केली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग आत हाक मारली.

"आगं, हे गेअर आजून कुरकुर करून राहिलंय. चढाला दगा दील का काय की. तू येतीस का जरा मागं?"

शिवकांता हात पुसत बाहेर आली. तिनं मागचं चाक उचललं आणि हातानं पायडल फिरवलं. चेन सळसळत फिरली. आवाज म्हणून कशाचा नव्हता. तिनं खटका दाबून पाहिला. चेन एका चकतीवरून दुसरीवर शहाण्यासारखी गेली. मग तिनं चाक खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. महादेवप्पा आभाळाकडे बघत होते. आभाळात बघण्यासारखं त्या वर्षी काही नव्हतं.

"आवो," ती म्हणाली, "गाडी बिघडायचीच वाट बगायची व्हय? नुसतं चल म्हनला अस्ताव तर मी आले नस्ते का?"

महादेवप्पांना एकदम कळलं, की तीस वर्षांत आपण या बाईला जेवायला वाढ म्हटलं, दार लाव म्हटलं, माहेरी जाऊन ये म्हटलं, पण नुसतं चल असं कधी म्हटलंच नाही. एवढासा शब्द, पण तोंडातून निघायला त्याला चढणीएवढा वेळ लागला.

"चल," ते म्हणाले.

तिनं पायात चपला घातल्या. येताना कॅन भरलेले, गेअर ठणठणीत, आणि तरी महादेवप्पा सायकलीवर बसले नाहीत. ते हँडल धरून चालले आणि ती शेजारी चालली, आणि म्हैस कशी कळली ते तिनं इतकं सावकाश सांगितलं की गोष्ट वेशीपर्यंत पुरली. हॉटेलातल्या मंडळींनी दोघांना सायकल ढकलत येताना पाहिलं, आणि अप्पांनी परत काहीतरी दुरुस्त केलेलं दिसतंय, असं एकमेकांना सांगून चहा मागवला.